पूजेखालची घोंगडी

"ह्या वाटीतला हरभरा त्या वाटीत. त्या वाटीतला पुन्ना ह्या वाटीत. शिजवायचा न्हाई, दळायचा न्हाई, पेरायचा बी न्हाई. बया, असलं काम आमी तर जन्मात बगितलं न्हाई."

बसम्मा हे मनातल्या मनात बोलत होती, असं तिला वाटत होतं. पण कानानं कमी ऐकणाऱ्या माणसाचं मनातलं बोलणं अर्ध्या आळीला जातं. मधली भिंत पुरुषभर उंचीची, वर मोकळी. तिथून सासूची कुरकूर आणि तिच्या पानाचा वास बरोबरच अलीकडं उतरायचा. अलीकडं तिची सून गुरम्मा पाय पसरून, खांबाला पाठ लावून बसली होती आणि हरभरा उचलत होती.

उचलत होती म्हणजे उचलू बघत होती. उजव्या हाताला आता थोडं कळायला लागलं होतं. डाव्याची बोटं मात्र दुसऱ्या कुणाची तरी आणून लावल्यासारखी. डोळ्यांनी बघितलं तर चिमटीत हरभरा दिसायचा, डोळे मिटले की हरभरा आहे का चिमूट रिकामी आहे, काही समजायचं नाही. गळ्यात पट्टा असल्यानं मान खाली घालून बघताही येत नव्हतं. म्हणून जगदेवीनं, गुरम्माच्या सुनेनं, वाट्या उपड्या घमेल्यावर मांडून दिल्या होत्या. घमेल्यावरून एक हरभरा घरंगळला, शहाबादी फरशीवरून टणटण करत दारापर्यंत गेला.

"पडला का?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"न्हाई, अव्वा," गुरम्मा म्हणाली.

हे खोटं बोलायची तिला आता सवय झाली होती.

दुखणं मानेतलं. मणक्यातली नस दबली होती. घरात ह्या दुखण्याची तारीख ठरलेली होती, माघ महिना. पाऊस दोन वर्षं रुसलेला. गावातली विहीर आटली आणि बाया ओढ्यापलीकडच्या बारवेला जाऊ लागल्या. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी. माघात एका सकाळी गुरम्मा बारवेच्या वाटेवर पालथी पडली. पाय लाकडासारखे झाले, हातातलं बळ गेलं, लुगडं ओलं झालं तेही तिला कळलं नाही. चार बायांनी बाजेवर घालून आणली. सोलापूरला नेलं, फाल्गुनात मानेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दबलेली नस मोकळी केली. आता आणखी बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल ते व्यायामावर आणि तिच्या नशिबावर.

सोलापूरच्या कागदावरही माघच लिहिलेला होता. गुरम्मानं सांगितला तसा.

पण माघ खरा नव्हता.

त्याआधीच्या श्रावणातली गोष्ट. तिसरा सोमवार. गुरम्मा अंघोळ करून, भस्म लावून पूजेला बसली होती. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं. लग्नात जंगमानं, घरच्या गुरूनं, बांधलेलं, आवळ्याएवढं, काळं कुळकुळीत. वरून पाण्याची धार धरली, बेलाचं पान ठेवलं आणि डोळे मिटले. उघडले तर तळहातावर पान होतं, लिंग नव्हतं. ते खाली फरशीवर पडलं होतं. टक् असा आवाज तिनं ऐकला होता, पण तो आपल्याच हातातून झालाय हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

तिनं ते झडप घालून उचललं. कपाळाला लावलं. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. मग वळली तेव्हा दारात कुणी नव्हतं, चुलीपाशीही नव्हतं. कुणी बघितलं नाही, असं ती धरून चालली.

लिंग हातातून सुटणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सासूनं जंगमाला बोलावलं असतं. प्रायश्चित्त, उपवास, आळीतल्या बायांची कुजबुज. त्यापेक्षा मोठं भय वेगळंच होतं. देव ज्या हातावर बसत नाही त्या हाताचं काय उरलं? हे तिला स्वतःलाच विचारायचं नव्हतं. मग तिनं युक्ती काढली. लिंग तांब्याच्या वाटीत ठेवायचं, वाटी मांडीवर, पदर वरून. बघणाऱ्याला वाटावं, हातावरच आहे. सहा महिने अशी पूजा केली. त्याच सहा महिन्यांत डोक्यावरची घागर सुटली नाही.

आणि त्याच श्रावणापासून घरातली माणसं बदलली, असं तिला वाटायचं. बसम्मा पंचवीस वर्षं तिच्या शेजारी पूजेला बसायची, ती उठून भिंतीपलीकडं गेली. म्हणाली, "इकडं उजेड पुरत न्हाई मला." पलीकडं तर खिडकीही नव्हती. जगदेवीनं सांजच्या भाकऱ्या आपणहून थापायला घेतल्या. परातीपुढून गुरम्माला उठवलं ते अगदी गोड बोलून. गुरम्माला वाटलं, चूल घेतली सुनेनं. आणि नवरा, वीरभद्रप्पा, जन्मात कधी कुणाचं आसन टाकलं नाही असा माणूस. पुढच्या सोमवारी त्यानं तिच्या पूजेच्या जागेवर चौघडी घालून घोंगडी टाकली.

"हे काय आनि?" तिनं विचारलं होतं.

"फरशी गार हाय."

तेव्हा श्रावण होता. आता वैशाख होता, फरशीवर पाय ठेवला तर पोळत होता, आणि घोंगडी तिथंच होती.

*

मंगळवारी लातूरला जायचं. जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायामाचे डॉक्टर बसायचे. जिल्हा नवा होता. झाला तेव्हा गावात गूळ वाटला होता, सरपंचाच्या घरावर झेंडा लागला होता. पहिल्यानं कागद घेऊन उस्मानाबादला जावं लागायचं, आता लातूरला. तेवढं सोपं झालं होतं. पाऊस मात्र दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता.

गावातून औशाची बस फाट्यावर मिळायची. फाट्यापर्यंत वीरभद्रप्पानं तिला धरून चालवलं. चालताना तिला आपले पाय बघावे लागायचे. बघितले नाहीत तर पाय कुठं पडतो ते कळायचं नाही. आणि पट्ट्यामुळं बघता यायचं नाही. म्हणून तो पुढं चालत सांगायचा, "दगड. आता खड्डा. आता सपाट हाय, टाक बिनघोर." अशा हाका त्यानं आयुष्यभर बैलांना दिल्या होत्या. बैल चाऱ्याच्या छावणीवर होते. हाका तेवढ्या घरी राहिल्या होत्या.

बसची पायरी उंच. तिचा उजवा पाय वर गेला, डावा खालीच थरथरत राहिला.

"आजी, चढायचं तर चढा, न्हाई तर मागल्या गाडीनं या," कंडक्टर म्हणाला.

गुरम्मा सेहेचाळीस वर्षांची होती. वीरभद्रप्पानं तिच्या काखेत हात घातले आणि पोतं चढवावं तशी वर चढवली. एका बाईनं जागा दिली आणि गळ्यातल्या पट्ट्याकडं औसा येईपर्यंत बघत बसली.

"काय झालं, बाई?"

"मान."

"लचकली व्हय? आमच्या गावात एक न्हावी हाय, एका झटक्यात मोडून देतो."

"लई उपकार व्हतील," गुरम्मा म्हणाली. वीरभद्रप्पाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. खिडकीबाहेर बाभळीसुद्धा पांढऱ्या पडल्या होत्या. तो तिकडं बघून हसला.

हणमंतराव हे व्यायामाचे डॉक्टर मूळ उमरीचे. जाड भिंगांचा चष्मा, पहिलवानासारखे दंड, आणि बोलणं थेट. लोखंडी दोन दांड्यांच्या मधून ते तिला चालवायचे.

"दांडी धरू नका, माय. नुसता हात टेकवा. दांडी काय तुमचा नवरा हाय व्हय, आवळून धरायला?"

"त्याला बी कधी आवळलं न्हाई," गुरम्मा म्हणाली. गळ्याखाली घामानं पट्टा चिकटला होता. टाच आधी, मग चवडा. वळताना तोल गेला तेव्हा हणमंतरावांनी तिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून तोलली. ते त्यांनी इतक्या सहज केलं की तिला लाज वाटायला वेळच मिळाला नाही.

"मागच्या मंगळवारपेक्षा पाय सुधारून राहिले. घरी दांड्या केल्या काय?"

"गोठ्यात बांबू बांधले," वीरभद्रप्पा म्हणाला. "बैलाच्या जागेवर चालती."

"खुशाल चालू द्या."

मग त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले. पायाचा अंगठा वर केला, खाली केला. "आता कुठं हाय?"

"वर."

"आता?"

"वर... खाली."

"बरं. आता हात." त्यांनी डावा हात आपल्या हातात घेतला. अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस दाबून बघितलं. तिथं खड्डा पडला होता, वाळल्या पपईच्या सालीसारखा. चिमूट धरायला लावली आणि नुसत्या एका बोटानं ती सोडवली.

"माय, कागदावर माघ लिहिलाय."

"हाव."

"माघात सुरू झालेलं, फाल्गुनात ऑपरेशन. महिन्याभरात हात एवढा वाळत न्हाई." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी काही पोलिसपाटील न्हाई. पण मला कळायला पाहिजे. दुखणं ताजं असंल तर मी ह्या चिमटीच्या मागं लागतो, हरभरे उचला, मोहरी उचला, रडा पण उचला. जुनं असंल तर चिमूट पुरती यायची न्हाई. मग दोन्ही हात मिळून काम कसं करायचं ते शिकवतो. उगं तुमचा जीव कामून काढायचा? खरं सांगा, पहिल्यांदा हातातून काय पडलं? कवा पडलं?"

खोलीत पंखा होता, तो फिरत नव्हता. वीरभद्रप्पा आपल्या पायताणाकडं बघत होता.

खरं सांगितलं असतं तर चिमूट गेली असती. नुसती चिमूट नव्हे. येत्या श्रावणात लिंग पुन्हा डाव्या तळहातावर एकटीनं धरायचं, एवढ्यासाठी ती रोज दोन वाट्या हरभरा इकडचा तिकडं करत होती. ते नाही जमणार असं ह्या माणसानं तोंडानं म्हटलं, की मग उठायचं कशासाठी?

"घागर पडली," ती म्हणाली. "माघात."

हणमंतरावांनी वीरभद्रप्पाकडं बघितलं. "तुमी सांगा, मालक."

"ती म्हनती तसंच," वीरभद्रप्पा म्हणाला.

*

मग तिनं हरभऱ्याच्या जागी तूर घेतली आणि तुरीच्या जागी ज्वारी. दुपारी जगदेवी बारवेवरून यायची, तोंड लालबुंद, मानेची शीर ताठ. आता सासूच्या वाटणीचं पाणीही तिच्याच डोक्यावर होतं.

"डोईवर दोन-दोन आनू नकोस गं," गुरम्मा म्हणायची.

"मंग काय पदरात आनू, आत्या?" जगदेवी घागर उतरवून मान चोळायची. "तुमच्या लेकाला म्हना, खडी फोडायचं काम सोडून पाणी भरायला ये."

सिद्धराम निलंग्याकडं रस्त्याच्या कामावर होता. पंधरा दिवसांनी यायचा आणि आईकडं बघून जायचा.

जगदेवी मग गुरम्माची वेणी घालायची. झंपराच्या गुंड्या लावायची. भाकरी दुधात कुस्करून ताट पुढं करायची. एकदा गुरम्मानं तिचा हात झटकला. "मी लावते गुंडी." एक गुंडी लावायला तिला इतका वेळ लागला की चुलीवरची आमटी आटली. गुंडी लागली ती दुसऱ्याच घरात. जगदेवीनं आमटीत पाणी घातलं. मग पाणी जपून वापरायचं होतं हे आठवून तिनं जीभ चावली.

पूजा मात्र रोज व्हायची. पूजेशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, हे दुखण्यातही सुटलं नव्हतं. ऑपरेशनपासून वीरभद्रप्पा तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. तिच्या गळ्यातलं लिंग सोडून तिच्या डाव्या तळहातावर ठेवायचा आणि स्वतःचा हात तिच्या हाताखाली धरायचा. चमचाभर पाण्याची अंघोळ. तेवढंच पाणी देवाच्या वाट्याला येत होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. दोघंही त्याबद्दल काही बोलत नसत.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, "खालचा हात काढा."

"कामून?"

"मी धरते. मला कळून राहिलं आता. काल धा ज्वारीचे दाणे उचलले."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. दाणे सहा होते, आणि तेही उजव्या हातानं उचललेले. त्यानं ते चौकटीआडून बघितले होते. तरी त्यानं हात काढला. काढताना घोंगडीची एक घडी तिच्या गुडघ्याजवळ सरकवली.

ते तिनं बघितलं.

"घोंगडी कामून सारली?"

"फरशी..."

"वैशाख हाय, अवं. फरशीवर पापड भाजंल."

जगदेवी चुलीपाशी पीठ मळत होती, तिचे हात परातीत थांबले. भिंतीपलीकडं बसम्माचं पुटपुटणंही थांबलं. कमी ऐकणाऱ्यांना न बोललेलं मात्र पहिलं ऐकू येतं.

गुरम्मानं डावा हात छातीसमोर धरला. लिंग तळहातावर होतं, हे तिला दिसत होतं. तिनं मनातल्या मनात बोटं वाकवली. बोटांनी ऐकलं, अर्धवट. उजव्या हातानं चमचाभर पाणी सोडलं. बेलाचं पान वाळकं होतं, ते ठेवलं. आता डोळे मिटायचे. डोळे मिटल्याशिवाय पूजा कसली?

तिनं डोळे मिटले.

आवाज झाला नाही. घोंगडीवर पडल्यावर आवाज कसा होणार? पण तिला कळलं. हातानं नव्हे, घरातल्या शांततेनं कळलं. डोळे उघडले तर तळहातावर ओलं पान होतं. लिंग घोंगडीवरून घरंगळत काठाला जाऊन थांबलं होतं, आणि तिथं दोन म्हातारे, भेगाळलेले पाय उभे होते. बसम्मा भिंतीपलीकडून कधी आली ते कुणाला दिसलं नव्हतं.

"ऊन लई झालं," वीरभद्रप्पा कुणाकडंही न बघता म्हणाला. "सकाळीच एवढं तापलं."

"हाव ना," जगदेवी म्हणाली. "पीठ बी लवकर वाळून राहिलं."

गुरम्मा सासूच्या पायांकडं बघत राहिली. जंगमाला बोलावणार, तिला वाटलं. आता बोलावणार. तोंडात भस्माची चव आली होती.

बसम्मा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसली. हाडं वाजली. तिनं लिंग उचललं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. मग गुरम्माचा उजवा हात ओढून डाव्याखाली ठेवला, ओंजळ केल्यासारखा. ओंजळ हलत होती. बसम्मानं आपले दोन्ही हात खालून लावले आणि लिंग त्या ओंजळीत ठेवलं.

"धर अशी. दोन्ही हातांनी."

"अव्वा, डाव्या हातावरच..."

"मला शिकवू नको. माझी सत्तर वर्षं गेली हे धरण्यात." म्हातारीचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, अर्ध्या आळीला जाईल असा. पण ह्या वेळी ती मनातल्या मनात बोलत नव्हती. "त्याला हात मोजता येत न्हाईत. अन् वीरभद्रा, उद्या मंगळवार हाय. त्या उमरीवाल्याला सांग, माघ न्हाई. श्रावण म्हनावं. तिसरा सोमवार."

गुरम्मानं नवऱ्याकडं बघितलं. तो घोंगडीकडं बघत होता. जगदेवीनं पिठाच्या हातानंच डोळ्याला पदर लावला होता.

"तुमी बगितलं व्हतं?" गुरम्मानं विचारलं.

"मी ह्या दारात व्हते. हा अंगणात, खिडकीपाशी. ही पोरगी चुलीम्होरं. त्याच दिवशी ह्यानं घोंगडी काढून ठेवली, हिनं परात वढून घेतली, अन् मी भिंतीआड जाऊन बसले. तुला लाज वाटू नये म्हनून." बसम्माचे हात ओंजळीखाली तसेच होते. "सहा महिनं तुला डोईवर पानी आनताना बगत राह्यलो. बगितलं आमी समद्यांनी, गुरम्मा. बोललं कुनीच न्हाई. म्हनून तुजा हात गेला."